उन्हाळी बार्बेक्यूसाठी पेयांची पारख: आगळ, ताक, पन्हे आणि सोडा

उघड्यावर विस्तव करून चार माणसांनी मिळून खाण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, पण ती मुळात थंडीतली आहे. हुरड्याच्या आगट्या हिवाळ्यात लागतात आणि रायगड जिल्ह्यातील पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याचा बेत, वालाच्या शेंगा भरल्यावर, म्हणजे गारवा असतानाच होते. तेव्हा विस्तवाची ऊब हवीशी असते, आणि सोबतीला ताक किंवा उसाचा रस असला की भागते. एप्रिल-मे महिन्यांत, शाळांना सुट्टी लागल्यावर, गच्चीवर, अंगणात किंवा मुळशी-पानशेतकडच्या एखाद्या शेतघरात कोळशाची शेगडी मांडून कबाब भाजणे ही त्या मानाने नवी हौस आहे. पुण्यात या दिवसांत पारा ३८ ते ४० अंशांवर असतो, विदर्भ-खानदेशात त्याहूनही वर, आणि त्यात निखाऱ्यांची धग. असे असूनही तयारीचा सगळा भर खाण्यावर असतो. चिकन आदल्या रात्रीपासून दह्यात मुरते, पनीरचे तुकडे मोजून शिगांवर चढतात, पण पेयांचा विचार निघता निघता होतो आणि वाटेतल्या दुकानातून दोन-दोन लिटरच्या गोड, फसफसणाऱ्या बाटल्या उचलल्या जातात. या उन्हाळ्यात मी ही बाजू नीट लावून पाहिली. बाजारात सहज मिळणारी आणि घरी होणारी पेये निखाऱ्यांशेजारी, भर उन्हात, तिखट-तेलकट खाण्याबरोबर कशी ठरतात, याचा हा आढावा आहे.

निर्णय आरंभीच सांगतो. पहिली पसंती कोकम आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला, तिच्या खालोखाल ताकाला. पन्हे हे पाहुणे आल्या आल्या देण्याचे पेय आहे आणि साधा सोडा हा साहाय्यक आहे. गोड शीतपेयांना मी अगदी शेवटची जागा देईन, आणि त्यामागे आरोग्याच्या उपदेशापेक्षा चवीचे कारण मोठे आहे.

ते कारण असे की जिभेला थंड पदार्थातील गोडी कमी जाणवते. बाटलीबंद कोलात साधारणपणे १०० मिलिलिटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर असते आणि ती बर्फगार असतानाच सुसह्य लागते. शेगडीजवळ ठेवलेला पेला दहा मिनिटांत कोमट होतो, त्यातील वायू निघून जातो आणि मग हातात उरतो तो चिकट पाक. शिवाय हा वायू तिखटाशी जमवून घेत नाही. पाण्यात विरघळलेल्या कर्बवायूपासून जिभेवर सौम्य आम्ल तयार होते आणि त्याची टोचणी वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंनाच कळते. त्यामुळे मिरचीने आधीच पोळलेल्या तोंडात फसफसणारे पेय घेतले की आग शमण्याऐवजी भडकते. लाल मिरचीत माखलेल्या टिक्क्याबरोबर कोला घेणाऱ्या माणसाकडे लक्ष दिले तर दिसते की तो पेल्यामागून पेला रिचवतो आणि तरी पाणी मागतो.

मग कोणते पेय चालेल? भाजलेल्या मांसाची किंवा पनीरची चरबी टाळूवर बसते, ती धुऊन काढायला आंबटपणा लागतो. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून पेयात किंचित खारटपणा हवा. मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते आणि दुधातील प्रथिने त्याला जिभेवरून ओढून नेतात. थोडी साखरही दाह कमी करते, म्हणून गोडी पूर्ण वर्ज्य नाही. तिने पेयावर राज्य करू नये एवढेच. शिवाय हे पेय दहा-पंधरा माणसांसाठी एकदम करता यायला हवे आणि दोन-तीन तास उन्हात टिकायला हवे. या सगळ्या कसोट्यांना एकटे एक पेय क्वचितच उतरते. आगळ त्याच्या सर्वांत जवळ जाते.

बाजारात कोकमाची दोन वेगळी पेये एकाच नावाखाली विकली जातात आणि खरेदी करताना नेमका येथेच घोळ होतो. पिकलेल्या रातांब्यांना, म्हणजे कोकमाच्या फळांना, मीठ लावून जो रस सुटतो तो आगळ. रातांब्याच्या साली साखरेत मुरवून जो पाक होतो ते अमृत कोकम, म्हणजे ज्याला दुकानदार सरसकट कोकम सरबत म्हणतात ते. दुसरे करायला सोपे आहे, पाणी घातले की झाले, परंतु ते गोड आहे आणि त्याची गोडी आपल्या हातात राहत नाही. बार्बेक्यूसाठी मी निःशंकपणे आगळच घ्यावे असे म्हणेन, कारण त्यात आंबट आणि खारट या दोन्ही गोष्टी आधीच असतात आणि साखर किती घालायची हे आपण ठरवतो. प्रमाण सांगायचे तर एक लिटर थंड पाण्याला ६० ते ७० मिलिलिटर आगळ, तीन ते चार मोठे चमचे साखर आणि भाजून भरड कुटलेल्या जिऱ्याचा एक चमचा. वेगळे मीठ घालू नये. आगळ मिठावरच टिकलेले असते आणि सवयीने टाकलेल्या चिमटीने सगळे पिंप खारट होते. या हिशेबाने अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत सात लिटरांहून अधिक सरबत होते. पेल्यामागे खर्च काढला तर कोणतेही बाटलीबंद पेय याच्या जवळपास येत नाही.

आगळ कोठले घ्यावे याला महत्त्व आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याआधीच, १९९७ मध्ये, ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात प्रसारित केली होती. पुण्या-मुंबईत कोकणी मेव्याच्या दुकानांतून आणि महिला बचत गटांच्या विक्री केंद्रांवर घरगुती आगळ मिळते, आणि माझ्या अनुभवात ते मोठ्या दुकानातील चकचकीत बाटल्यांपेक्षा सरस निघते. रातांबे एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडावर पिकतात, म्हणून नवे आगळ बाजारात यायला मे महिना उजाडतो. एप्रिलच्या पार्टीसाठी घेतलेली बाटली बहुधा गेल्या वर्षीची असते. ती वाईट नसते, आंबटपणा तसाच राहतो, पण कोकमाचा नैसर्गिक रंग काळाने आणि उष्णतेने विटत जातो आणि जांभळट लाल रसाला तपकिरी झाक येते. म्हणून एप्रिलमध्ये तेजस्वी, लालभडक आगळ दिसले तर मला आनंदापेक्षा शंका अधिक वाटते.

ही शंका निराधार नव्हती. महामार्गावरच्या एका दुकानातून घेतलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत कोकणाचे नाव होते, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी होती आणि त्यात पाणी, साखर, सायट्रिक आम्ल आणि रंग यांच्यानंतर कोकमाचा क्रमांक होता. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा रंगाच्याही खाली कोकम म्हणजे त्या बाटलीत कोकम नावापुरतेच होते. त्याचा एक पेला केला आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून ढवळले. रंग जसाच्या तसा राहिला. खऱ्या आगळात तोच सोडा टाकला की लाली लगेच मावळते आणि रस निळसर-काळपट होतो, कारण कोकमातील रंगद्रव्य आम्लात लाल असते आणि आम्ल कमी झाले की बदलते. ही परीक्षा घरी कोणालाही करता येते, फक्त तो पेला नंतर ओतून द्यावा. अशा बाटलीची आंबटपणाची चवही वेगळी असते. सायट्रिक आम्लाचा आंबटपणा जिभेच्या टोकावर एकदम झोंबतो आणि संपतो, आगळाचा हळू येतो, घशापर्यंत जातो आणि मागे किंचित तुरटपणा ठेवतो. तो तुरटपणाच कबाबाची चरबी साफ करतो.

आगळाचा आणखी एक उपयोग या निमित्ताने सांगण्यासारखा आहे. तयार सरबताचा काही भाग आदल्या दिवशी बर्फाच्या साच्यात घालून गोठवावा आणि पेल्यात साध्या बर्फाऐवजी हे खडे टाकावेत. साधा बर्फ वितळून पेय पांचट करतो, हे खडे वितळले तरी चव तीच राहते. लहान मुले तर ते खडे नुसतेच चोखतात. ज्यांना वायू हवाच असतो त्यांच्यासाठी पाण्याऐवजी साधा सोडा वापरता येतो. आगळावर सोडा ओतला की गुलाबी फेस उसळतो, तेव्हा पेला अर्धाच भरावा. मात्र हा प्रकार मलई टिक्का, भाजलेले बटाटे, मक्याची कणसे अशा कमी तिखट पदार्थांबरोबर द्यावा. तिखटाबरोबर पाण्यातलेच सरबत बरे.

ताकाकडे वळताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे की तिखटावर त्याच्यासारखा उतारा नाही. दुधातील केसीन हे प्रथिन मिरचीच्या दाहक द्रव्याला धरून ठेवते, आणि ताकात ते पुरेसे असते. पातळ, लोणी काढलेले, किंचित आंबट ताक, त्यात हिंग, जिरे, सैंधव आणि हाताने चुरडलेली पुदिन्याची पाने एवढे पुरे. मठ्ठ्यात घालतात तशी हिरवी मिरची आणि आले येथे घालू नये. ज्या आगीवर उतारा म्हणून ताक घ्यायचे तीच आग त्यात कालवण्यात अर्थ नाही. कोथिंबीरही बारीक चिरून आयत्या वेळी घालावी, कारण ती ताकात तासभर राहिली की काळवंडते आणि वास बदलतो.

अडचण आहे ती टिकण्याची. बाहेर ३२ अंशांहून अधिक उष्णता असेल तर नाशवंत पदार्थ तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडक आहे, आणि आपल्या एप्रिलला तो पुरेपूर लागू पडतो. घरचे ताक एका मोठ्या भांड्यात काढून टेबलावर मांडण्याची पद्धत म्हणूनच सोडून द्यावी. ते लहान बाटल्यांत भरून बर्फाच्या पेटीत ठेवावे आणि लागेल तशी बाटली काढावी. चितळे, कात्रज, गोकुळ अशा डेअऱ्यांच्या ताकाच्या पिशव्या चवीला चांगल्या असतात, पण त्यांनाही शीतपेटीच लागते. जेथे बर्फाची खात्री नाही अशा ठिकाणी, धरणाकाठी किंवा डोंगरावर, कागदी खोक्यातले अमूलचे मसाला ताक हा व्यवहार्य मार्ग आहे. ते उच्च तापमानावर प्रक्रिया करून बंद केलेले असल्याने न उघडता बाहेर राहू शकते आणि ऐन वेळी बर्फात बुडवले की काम भागते. घरच्या ताकाचा ताजा आंबूसपणा त्यात नाही. तिखटावरचे काम मात्र ते तितकेच चोख करते.

सोलकढी आगळ आणि ताक या दोहोंच्या मधली. नारळाच्या दुधाचा स्निग्धांश मिरचीला शमवतो आणि आगळाचा आंबटपणा चरबी कापतो, म्हणजे कागदावर तीच सर्वश्रेष्ठ ठरायला हवी. भाजलेल्या सुरमईबरोबर किंवा कोळंबीबरोबर ती तशी ठरतेही. परंतु नारळाचे दूध उन्हात फार लवकर आंबते आणि सोलकढी फुटून पाणी वेगळे होते. ती मोजकी, दुपारी जेवणाच्या तासभर आधी करून, वाटीतून द्यावी. तहान भागवण्यासाठी ती पेल्याने पिऊ नये. पोट भरते आणि पुढचे खाणे राहून जाते.

पन्ह्याविषयी मला विशेष आपुलकी आहे, कारण शेगडीशी खरा संबंध असलेले हे एकच पेय आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरोघरी होणारे पन्हे बहुतेक ठिकाणी कैऱ्या उकडूनच करतात. पण शेगडी पेटवली की पहिली वीस मिनिटे तिच्यावर काहीच भाजता येत नाही. कोळसे धुमसत असतात, जाळ वरखाली होत असतो. त्या वेळात बाठा धरलेल्या कैऱ्या सरळ कोळशांच्या कडेला लावाव्यात आणि चिमट्याने फिरवत राहाव्यात. साल काळी पडून तडकते, फटीतून रस उकळून बाहेर येतो आणि जाळीवर करपट-आंबट वास सुटतो. कैरी चिमट्याने दाबली असता दबली की झाली. थोडी निवल्यावर साल हातानेच निघते, गर चमच्याने खरवडून घ्यावा, त्यात गूळ, सैंधव, भाजलेले जिरे आणि अगदी थोडी मिरपूड घालावी. या पन्ह्यात वेलची आणि केशर घालू नये. उकडलेल्या कैरीच्या सात्त्विक पन्ह्याला ते शोभते, भाजलेल्या कैरीच्या धुरकट गराला जिरेच हवे.

या धुराचा एक तोटाही आहे. मांस कोळशावर भाजलेले, मसाल्यात धूर, आणि पेयातही धूर, असे झाले की चव एकसुरी होते. म्हणून भाजलेल्या कैरीचे पन्हे मी आरंभी, काहीही शिजण्यापूर्वी, प्रवासातून आलेल्या घामाघूम माणसांना द्यावे असे सुचवेन, किंवा मग पनीर, भोपळी मिरची, अननस अशा सौम्य पदार्थांबरोबर द्यावे. तयार पन्ह्यांत पेपर बोटचे आम पन्हे मला त्यातल्या त्यात घरच्या चवीच्या जवळ जाणारे वाटले. जिरे आणि काळे मीठ त्यात जाणवते. ते थोडे गोड आहे, तेव्हा त्यात बर्फ आणि थोडे साधे पाणी घालून पातळ करावे. तयार फळपेयांविषयी एक आकडा लक्षात ठेवावा. सरळ पिण्याच्या फळपेयात किमान १० टक्के फळाचा अंश असावा, आणि लिंबाच्या बाबतीत ५ टक्के, असा भारतीय खाद्य नियम आहे. म्हणजे उरलेला भाग मुख्यतः साखर आणि पाणी असू शकतो, आणि तरी ते पेय नियमात बसते. बाटलीवरच्या रसरशीत चित्रापेक्षा हा आकडा पाहून खरेदी करावी.

लिंबू सरबताबद्दल फार लिहायला नको, ते सर्वांना येते. फक्त लिंबे आदल्या रात्री पिळून ठेवू नयेत, रस ठेवल्याने कडवटतो. आणि पिळताना साल चेचू नये. शहाळे उत्तम आहे, त्यात पोटॅशियम भरपूर असते, पण सोडियम त्या मानाने कमी असल्यामुळे घामाने गेलेले मीठ एकटे शहाळे भरून काढत नाही, आणि त्याची कोवळी चव मसाल्यापुढे टिकत नाही. ते जेवणाआधी किंवा सगळे आटोपल्यावर द्यावे. उसाचा रस रसवंतीवर उभे राहूनच प्यावा. भांड्यात भरून आणला की थोड्याच वेळात तो काळसर पडतो, आंबू लागतो, आणि गोडीच्या बाबतीत तो कोलाइतकाच भारी आहे.

साधा सोडा मात्र मी प्रत्येक वेळी घेईन. पुण्याच्या कॅम्प भागातील अर्देशीर यांचा सोडा १८८४ पासून बनतो आहे. त्यांच्या काचेच्या बाटल्यांतील रासबेरी इराणी-पारशी जेवणाबरोबर प्रसिद्ध आहे, आणि बेरी पुलावाबरोबर ती शोभतेही, पण बार्बेक्यूला मला त्यांचा साधा सोडा अधिक उपयोगी वाटतो. काचेची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवली की थंड राहते, बूच काढल्यावर वायू जोरकस असतो, आणि त्यात आगळ, लिंबू किंवा पन्ह्याचा गर यांपैकी काहीही घालून प्रत्येकाला आपल्या चवीचे पेय करून घेता येते. खारा लिंबू सोडा हा तेलकट पण कमी तिखट पदार्थांवर फार छान लागतो.

मद्याविषयी थोडक्यात. गोव्यात काजूच्या हंगामात, साधारण मार्च ते मे, उर्राक मिळतो. काजूच्या बोंडांच्या रसाची ही पहिल्या धारेची, फेणीपेक्षा सौम्य दारू लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून सोड्याबरोबर घेतात आणि भाजलेल्या मासळीशी तिची संगत उत्तम जमते, यात शंका नाही. पण मद्याने लघवीचे प्रमाण वाढते आणि शरीरातले पाणी कमी होते, त्यामुळे भर उन्हात तहानेवर ते उपाय ठरत नाही. घ्यायचेच असेल तर ऊन उतरल्यावर, पोटात अन्न गेल्यावर आणि प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी पिऊन घ्यावे. शेगडी सांभाळणाऱ्या माणसाने मात्र काम संपेपर्यंत त्यापासून दूरच राहावे. निखारे आणि तेल यांच्याशी हातघाई असते.

पेय कितीही चांगले असले तरी ते गार ठेवण्याची व्यवस्था नीट नसेल तर सगळे वाया जाते. बर्फाच्या कोरड्या खड्यांत खोचलेली बाटली सावकाश गार होते, कारण खडे तिला काही ठिकाणीच टेकतात; बर्फात पाणी ओतले की ते सगळीकडून भिडते आणि थंडी चटकन आत शिरते. त्या पाण्यात दोन मुठी जाडे मीठ टाकले तर तापमान शून्याच्याही खाली जाते. पेल्यात टाकायचा बर्फ आणि बाटल्या गार करायचा बर्फ हे दोन वेगळे ठेवावेत. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळसर रंग घालण्याचे बंधन अन्न व औषध प्रशासनाने घातले आहे. लादी घेताना ती निळसर आहे का हे पाहावे, असेल तर ती फक्त बाहेरच्या कामाची. रंग नसलेली प्रत्येक लादी खाण्यायोग्य असते असेही समजू नये. पेल्यातला बर्फ पिण्याच्या पाण्याचा, घरी गोठवलेला असावा, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

भांड्यांबाबतही सावध असावे. शोभेसाठी तांब्या-पितळेची घंगाळी मांडण्याची हौस हल्ली दिसते. आगळ, पन्हे, लिंबू, ताक यांतले काहीही बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवू नये. आंबट पदार्थात धातू उतरतो आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. ॲल्युमिनियमची पातेलीही आंबटाला बरी नव्हेत. तोटी असलेले, दुहेरी भिंतीचे स्टीलचे पिंप किंवा काचेची बरणी हे योग्य. माठ हा पुण्यात, नगरकडे, विदर्भात अप्रतिम काम करतो, कारण कोरड्या हवेत त्याच्या अंगावरचे पाणी भराभर उडते आणि आतले गार होते. मुंबईत आणि किनारपट्टीला हवेतच ओल असल्याने तो तितका गार करत नाही, तेथे बर्फाची पेटीच लागते. माठात फक्त पाणी भरावे, हवे तर वाळ्याची जुडी टाकावी; सरबत भरले की त्याची चव आणि वास मातीत मुरून माठ कायमचा बाद होतो.

रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना आगळाचे आणि मसाला ताकाचे मीठ जड जाऊ शकते, मधुमेह्यांना पन्ह्यातला गूळ. त्यांच्यासाठी बिनमिठाचे साधे ताक आणि बिनसाखरेचा लिंबू सोडा बाजूला काढून, बाटलीवर चिठ्ठी लावून ठेवावा, म्हणजे त्यांना प्रत्येक वेळी विचारावे लागत नाही.

पंधरा माणसांच्या चार तासांच्या बेतासाठी माझा हिशेब असा आहे: वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार, आगळाची अर्ध्या लिटरची एक बाटली, पाच लिटर ताक, एक किलो कैऱ्यांचे सुमारे तीन लिटर पन्हे, डझनभर सोड्याच्या बाटल्या आणि पेटीसाठी दहा ते बारा किलो बर्फ. यातले पाणीच सर्वांत आधी संपते, आणि ते शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी असेल अशा जागी ठेवावे लागते, कारण तो स्वतःहून उठून पाणी प्यायला जात नाही.